उजवीकडून उघडणारी पुस्तकं

त्या दिवशी मुरुमचा बाजार होता. उमरग्याहून वाचनालयासाठी नवी पुस्तकं घेऊन मी एस.टी.तून उतरलो. गठ्ठ्यात सगळ्यात वर एक रहस्यकथा होती, खास खादरचाचांसाठी आणलेली. स्टँडसमोरच्या पानवाल्यानं ती बघितली आणि म्हणाला, "चाचासाठी व्हय? नेऊ नको आता. पहाटं गेले ते." मी तसाच उभा राहिलो... पुस्तक गठ्ठ्यात परत खुपसावं की हातात धरावं, एवढंही सुचेना.

याला महिना होऊन गेला. चाचांवर शांतपणे चार शब्द लिही, असं मला सांगण्यात आलं. चार शब्द लिहितो. शांतपणा मात्र माझ्याकडं मागू नये.

निजामाच्या अमलात चाचा उमरग्याच्या तहसिलीत कारकून होते. सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. विलीनीकरणानंतर हळूहळू दफ्तराची भाषा बदलली, नोकरी गेली आणि चाचा भावाच्या बांगड्यांच्या दुकानात येऊन बसले. दुसऱ्या कुणी मराठीवर डूख धरला असता. चाचा दुकानांच्या पाट्या वाचत वाचत बाराखडी शिकले आणि एक दिवस वाचनालयात येऊन मला म्हणाले, "बेटा, खुनाची एखादी किताब दे. सोपी दे, पण खून चांगला पायजे."

दोन दिवसांनी परत आले ते खुशीतच. "काय हिंमत हाय रे ह्या लिहिणाऱ्याची! आधी फासावर चढवलं, मग पकडलं!" मला काही उमजेना. मग ध्यानात आलं. जन्मभराच्या उर्दूच्या सवयीनं त्यांनी पुस्तक उजवीकडून उघडलं होतं आणि शेवटचं प्रकरण आधी, त्याच्या अलीकडचं नंतर, असं करत सुरुवातीपर्यंत आले होते. मी सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तरीच म्हटलं, मेलेला माणूस जेवायला कसा बसला!"

पण पुढं त्यांनी ती खोड मुद्दाम जपली. शेवट ठाऊक असला की घाई राहत नाही, माणसं नीट बघता येतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नसे. मी पत्रकांवर वाढलेला. आमच्या घरी धान्याच्या कणगीत निजामाविरुद्धची पत्रकं लपवलेली असत. वाचायला मी शिकलो ते त्यांच्यावरच. पुस्तकानं माणसाला उठवलं पाहिजे, हे माझं ठाम मत. म्हणून संपावरची एक कादंबरी मी त्यांच्या हातात मोठ्या आशेनं दिली. त्यांनी माझ्यासमोरच शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक परत केलं.

"वाचा की, चाचा."

"काय वाचू? ह्यो झेंडा घेऊन उभा हाय. पहिल्या पानावर बी उभाच असंल. मधी कुठं बसला असंल तर सांग, तेवढं वाचतो."

मी आठ दिवस बोललो नाही. तेच मग जत्रेतल्या तंबूत डाकूचा सिनेमा बघायला मला ओढून घेऊन गेले. परत येताना मी विचारलं, यातून समाजाला काय मिळालं? चाचा म्हणाले, "समाजाला मिळायचं ते मिळंल, बाबा. डाकूनं घोडं सोडून दिलं तवा तू का रडलास, ते सांग." वाचनालयाच्या रेडिओवर नाटक लागलं की सासूचं काम करणाऱ्या बाईला ते मोठ्यानं दटावत. मी चिडायचो. आता नाटक लागतं आणि कुणी मधे बोलत नाही, तेव्हा जास्त चिडतो.

त्यांची जागा खिडकीजवळच्या उर्दू पुस्तकांच्या कपाटापाशी होती. ते कपाट चाचांखेरीज कुणी उघडलेलं मी पाहिलं नाही. म्हणूनच गेल्या आठवड्यात आमचे अध्यक्ष शंकरअप्पा बैठकीत म्हणाले, "चाचा गेले. आता वाचणार कोण? रद्दीत घाला, मराठीला जागा होईल." माना डोलल्या.

लहानपणची ती पत्रकं आणि पुढं मी स्वतः काढलेलीही हेच सांगत आली होती : ती जुलमाची भाषा. पण जुलमी गेला, पुस्तकांनी कुणाचं काय केलं? मला ती वाचता येत नाहीत, तरी ती जुलमी वाटली नाहीत, रद्दीसारखी तर नाहीच. मी उठलो, कपाटातलं हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि अप्पांसमोर ठेवलं. "तुमची शाळा निजामाचीच होती ना, अप्पा? फेकायच्या आधी काय फेकतोय ते तरी वाचून दाखवा."

"विसरलो रे. लई वर्षं झाली."

"एक ओळ."

अप्पांनी चष्मा लावला. पहिली ओळ अडखळत, दुसरी सरळ, आणि पान संपेपर्यंत ते गालात हसत होते. एका शब्दात अकाराच्या जागी इकार वाचला, तर कोपऱ्यातले वकील पटकन म्हणाले, "जेर न्हाय अप्पा, जबर." दुसऱ्या कुणीतरी पुढचं वाक्य तोंडपाठ म्हटलं. खोलीतली सगळी पिकल्या केसांची मंडळी हसायला लागली. न हसणारा मी एकटाच, कारण न कळणारा मी एकटाच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझा आवाज चढला. "तुम्हा सगळ्यांना येत होतं? मग इतकी वर्षं चाचा इथं एकटे का बसायचे? एकानं तरी त्यांच्या शेजारी खुर्ची का ओढली नाही?"

वकील खिडकीबाहेर बघू लागले.

"भ्यालो," अप्पा म्हणाले.

"कुणाला? राज्य आपलं, वाचनालय आपलं!"

"तुला की. तुझ्यासारख्या पोरांना. हातात हे दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या नावाचं पत्रक काढलं असतंस. न्हाय म्हण बघू."

मला नाही म्हणता आलं नाही. होही म्हणवेना. असल्या भित्र्या माणसांचा मला अजून संताप येतो, आणि ज्याला भ्यायचे त्याचाही... कपाट रद्दीत घालायचा विषय त्या दिवशी पुन्हा कुणी काढला नाही.

अप्पांनी पान उलटलं. "बस," ते म्हणाले, आणि चाचांच्या जागेकडं बोट केलं. मग ते एकेक ओळ आधी उर्दूत वाचायचे आणि माझ्यासाठी मराठीत सांगायचे. मी रागातच बसलो होतो. पण चार ओळी झाल्या आणि माझ्याच तोंडून गेलं, "मग पुढं?"