घोरणारा पाहुणा आणि तीन वेबसाइटी

मालवणजवळच्या आमच्या वाडीत अकरा बायकांनी मिळून पाहुण्यांना घरी उतरवून घ्यायचा गट काढला, त्याची अध्यक्ष माझी मावशी. मी पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून नुकतीच घरी आले होते, तेव्हा वेबसाइट करायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. पाहुण्यांना खोल्या दिसाव्यात आणि गटातल्या गटात निरोप देण्यासाठी आतली वेगळी पानं असावीत, एवढंच हवं होतं.

वेबसाइट चालवायच्या फुकट, खुल्या अशा तीन प्रणाली मी निवडल्या. तिन्हींवर सारखीच वेबसाइट बांधली, इंटरनेटवर चढवली आणि एका दुपारी सगळ्यांना आमच्या पडवीत बोलावलं. प्रत्येकीने तिन्हींवर घराचा फोटो टाकायचा, आजचं जेवण लिहायचं आणि एक आतला निरोप द्यायचा. जी सोपी वाटेल ती ठेवायची.

पहिलीवर फोटो इतका झटकन चढला, की मासे विकणारी शेजारची काकी थांबेचना. तिने लागोपाठ बावीस चढवले, सगळे आडवे. दुसरीत एका यादीतून दुसरी यादी उघडायची. मावशी आत शिरली ती बाहेरच येईना. "गो, माका घराक सोड!" ती ओरडली आणि अख्खी पडवी हसायला लागली. तिसरी शिकायला जड होती. पण कोणी काय बघायचं ते तिच्यात बारकाईने ठरवता यायचं, आणि लिहिलेलं आधी अध्यक्षाच्या मंजुरीला जायचं.

मी तिसरी समजावून सांगत होते, तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"तुमची नवी वेबसाइट बघितली. मी तुमच्या दोन नंबरच्या खोलीतून बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "तो घोरणारा."

मी घाईघाईने पहिली वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर, बावीस आडव्या फोटोंच्या वर, काकीचा आतला निरोप झळकत होता: "दोन नंबरातलो पावणो खूप घोरता. बाजूची खोली कोणाक देवू नकात." चूक माझीच होती. आतल्या पानांना कुलूप लावायला मीच विसरले होते. काकीने पदर तोंडावर ओढला.

"बायको म्हणते, माहिती अगदी खरी आहे," तो म्हणाला. "ती बाजूची खोली रिकामी असेल तर आज तिलाच द्या."

आणि तोच खदाखदा हसायला लागला. मग कोण कोणाला आवरणार! मावशी पायरीवर बसली आणि डोळे पुसत राहिली. काकी पदराआडून एवढंच म्हणाली, "दी गो ती खोली तिका!"

मतदान झालं. तिसरी जिंकली, दहा विरुद्ध एक. काकीचं मत पहिलीलाच. "फोटो तरी चढतत!"

तिसरी सगळ्यांच्या अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागले, पण मंजुरीचं बटण हातात आल्यापासून मावशीचा रुबाब बघण्यासारखा झाला. पहिल्याच सकाळी तिने मजकूर परत पाठवला तो माझाच. खाली शेरा होता: "जेवणात सोलकढी खंय आसा?"