मंगळवारची अर्धी सुट्टी

सुट्टी आवडणारी माणसं आमच्या वाशीम जिल्ह्यात पुष्कळ आहेत, पण सुट्टीवर माझ्या बायकोच्या मामांइतकी निष्ठा असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. नोकरीत त्यांनी एकदाही खोटा ताप आणला नाही की रजेसाठी कुठल्या म्हाताऱ्या आत्याला मारलं नाही. हक्काची सुट्टी मात्र त्यांनी अर्ध्या दिवसानेही कुणाला सोडली नाही. अर्ध्या दिवसाने, हे मी उगाच शब्द सजवायला म्हणत नाही. सव्वीस वर्षं त्यांचा सगळा झगडा अर्ध्याच दिवसांसाठी होता, आणि त्यांचा भाचेजावई व त्यांच्याच वाचनालयाचा सहचिटणीस अशा दोन्ही नात्यांनी त्यात मी भरडला गेलो.

मामाजी वाशीमच्या एका जुन्या वाचनालयात अंशकालीन लिपिक होते. एका पूर्ण पदाचे कुणीतरी कधीतरी दोन तुकडे केले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार हा तुकडा मामाजींचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार हा केनवडहून एसटीने येणाऱ्या एका बाईंचा. रविवारी कुलूप. इथवर सगळं सरळ होतं. पण मधूनच कलेक्टरसाहेब स्थानिक सुट्टी जाहीर करायचे, कधी मतदान निघायचं, कधी सरकारच्या मनात आदल्या दिवशी एखादी जादा सुट्टी यायची, आणि ती नेमकी मंगळवारी पडायची. बाई घरी राहायच्या. मामाजी तर मंगळवारी घरीच असायचे. दुसरा कुणी कूस बदलून झोपला असता, पण मामाजींना ते लागायचं. त्यांचं म्हणणं असं की पद निम्मं तर प्रत्येक जादा सुट्टीतला निम्मा वाटा आपला, मग ती कुठल्याही वारी येवो. बुधवारी सकाळी कुलूप काढायच्या आधी ते माझ्या दारात अर्ज घेऊन उभे असत. अर्जाचा विषय ठरलेला असे: मंगळवारच्या सुट्टीतील माझा अर्धा दिवस मिळणेबाबत.

तुम्ही आठवड्यातले चार दिवस घरीच असता, मग आणखी सुट्टी कशाला, असं त्यांना पहिल्यांदा मीच विचारलं आणि पस्तावलो. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. “काम नसनं आन् सुट्टी असनं यात लय फरक हाये, जवाईबापू. कामावर जायचं हाये आन् आपन जाऊन नाई राह्यलो, थे सुट्टी. बाकी नुसतं घरी असनं.” हा फरक ते पाळायचेही. नुसत्या घरी असण्याच्या दिवशी ते मळक्या बनियनवर वावरायचे आणि मामींच्या भाजीच्या मळ्यात चार वाफे भिजवायचे. खऱ्या सुट्टीला मात्र पहाटे अंघोळ, कडक इस्त्रीचा सदरा, आणि रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बैठक. जाणाऱ्या-येणाऱ्याने नुसतं पाहिलं तरी ते सांगायचे, आज सुट्टी आहे. मामींना या थाटाचं फारसं कौतुक नव्हतं. आपल्या मेथी-पालकाला कुठलाच कलेक्टर सुट्टी देत नाही, एवढं त्या बोलायच्या आणि जुड्या बांधायला लागायच्या.

हा मनुष्य स्वार्थी होता असं कुणाला वाटेल, म्हणून त्या सोमवारची गोष्ट सांगतो. एकदा जादा सुट्टी सोमवारी आली. म्हणजे मामाजींना पूर्ण दिवस मिळाला, आणि त्यांच्याच हिशेबाने त्यांचा हक्क अर्ध्याचा. बाकीचा अर्धा त्यांच्या घशाखाली उतरेना. वाचनालयाची वेळ दहा ते सहा. दुपारी दोनच्या ठोक्याला ते इस्त्रीच्या सदऱ्यात बंद वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसले, ते सहापर्यंत. ऊन मी म्हणत होतं. कुणीतरी मला फोन करून सांगितलं की तुमचे मामासासरे घरातून रागावून निघालेले दिसतात. मी छत्री आणि चहा घेऊन धावलो, तेव्हा एक वाचक त्यांच्याशी हुज्जत घालत होता. सुट्टी असेल तर तुम्ही का बसलात, आणि बसलात तर दार का उघडत नाही, असा त्याचा बिनतोड सवाल होता. मामाजींनी शांतपणे उत्तर दिलं, “वाचनालय बंद हाये. मी अर्दा चालू हाव.” तो वाचक पुढे सहा महिने वाचनालयाकडे फिरकला नाही.

हेच माप ते नात्यांनाही लावायचे. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची आपल्याकडे रीत आहे. माझ्या सासऱ्यांनी तेहतीस दिले. मामाजींनाही माझा मान करायचा होता, पण सख्खा सासरा पूर्णवेळ आणि मामासासरा अंशकालीन, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ताटात साडेसोळा अनारसे ठेवले. तो अर्धा अनारसा त्यांनी सुरीने इतका नेमका कापला होता की खसखसही दोन्हीकडे सारखी वाटली गेली असावी. दुसरा अर्धा कुठे गेला असं मी विचारलं, तर मामींनी तोंडाला पदर लावला. तो मामींनीच रागाने खाल्ला होता.

केनवडच्या बाई आधी त्यांना बिचकून असत. आपल्या मंगळवारच्या सुट्टीवर या काकाजींचा डोळा का, हे त्यांना कळत नव्हतं. मामाजी मात्र त्यांचं काही काढून घ्यायला निघाले नव्हते. त्यांना कागद हवा होता. अंशकालीन माणसालाही जादा सुट्टीत वाटा असतो, असं कार्यकारी मंडळाने एकदा लिहून द्यावं, एवढंच. त्यांच्या अर्जांवर ‘विचाराधीन’ असा शेरा पडायचा आणि ते कॅलेंडरवरच्या त्या मंगळवारचा चौकोन तिरपा दुभागून अर्धाच लाल रंगवून ठेवायचे. दिवाळीला ते निवृत्त होणार होते. दसरा जवळ आला तसे ते गप्प व्हायला लागले. एकदा मला म्हणाले की अर्ध्या नोकरीत आलो, अर्धाच जाणार, पण तेवढ्या अर्ध्याला तरी पुरं मानलं असतं तर बरं झालं असतं. मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र मला स्वतःची लाज वाटली, कारण ‘विचाराधीन’ हा शेरा माझ्याच अक्षरात होता आणि विचार मी एकदाही केला नव्हता.

पुढच्या बैठकीत आलुबोंडे आणि चहा आल्यावर, अध्यक्षांचा हात बशीकडे गेलेला पाहून मी ऐनवेळच्या विषयात मामाजींचा अर्ज घुसवला. अध्यक्ष जुने वकील. त्यांनी आलुबोंडा खाली ठेवला आणि मामाजींना आत बोलावलं. मंगळवारी तुम्ही कामावर नसताच, मग तुमची सुट्टी बुडाली कशी, असं विचारलं. मामाजी टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते.

“साहेब, सरकारनं सुट्टी देली थे साऱ्याईले देली,” ते म्हणाले. “मी मंगळवारी घरी व्हतो म्हून माया वाट्याची कोनी खाल्ली, तेवढं सांगा.”

अध्यक्षांनी वकिली काढली. सोमवारी पडलेली सुट्टी तुम्हाला पूर्ण मिळाली, तिच्यातला जादाचा अर्धा कापावा लागेल, असं ते म्हणाले. मामाजींनी सांगितलं की तो पायरीवर बसून आधीच फेडला आहे, आणि साक्षीदार म्हणून माझ्याकडे बोट केलं. मी छत्रीसकट साक्ष दिली. अध्यक्षांनी बशी बाजूला सारली. मग त्यांनी ठराव सांगायला सुरुवात केली: अंशकालीन कर्मचाऱ्यास जादा सार्वजनिक सुट्टीचा निम्मा लाभ, ती कोणत्याही वारी आली तरी, देण्यात यावा. सव्वीस वर्षांचे सगळे अर्ज काही त्यांनी मानले नाहीत. अलीकडचे नऊ मानले. साडेचार दिवस झाले. मामाजींनी ठरावाची नक्कल दोनदा वाचली आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखवून परत केली.

आता साडेचार दिवस मिळाल्यावर माणूस शेगावला जाईल, लेकीकडे जाईल. मामाजी वाचनालयातच आले, वाचक म्हणून. त्यांच्या जागी केनवडच्या बाई आनंदाने बसल्या. जादा सुट्टीत वाटा मिळायचा ठराव आपल्यालाही लागू आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. चार दिवस मामाजींनी खिडकीजवळची खुर्ची धरली, तिन्ही वर्तमानपत्रं एकदमच घेतली, पंखा हळू फिरतो अशी तक्रार केली, आणि मागितलेलं पुस्तक वेळेवर मिळालं नाही म्हणून अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहिल्या. शेवटचा साडेचारावा दिवस त्यांच्या नोकरीचाही शेवटचा होता. दोनपर्यंत ते वाचक होते. दोन वाजले तसे उठून टेबलामागे गेले, स्वतःच विस्कटून ठेवलेली वर्तमानपत्रं पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि अशा वाचकांना शिस्त कशी ती नाही, असं म्हणत घड्या घालायला लागले. सहाला त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. निरोपाचं भाषण मी लिहून नेलं होतं, पण मला ते नीट वाचता आलं नाही.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी सरकारने अचानक एक सुट्टी जाहीर केली. मंगळवार होता. मला राहवेना, मी मोटारसायकल काढून थेट त्यांच्या मळ्यात गेलो. मामाजी मळक्या बनियनवर वाफ्यात बसून सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटत होते. मामींनी त्यांना रोज सकाळी मळ्याच्या कामाला लावलं होतं. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मामाजी, आज जादा सुट्टी पडली आहे, आणि तीही मंगळवारी.

त्यांनी मान वर केली नाही. “तुमाले असंन,” ते म्हणाले. “मले आता कायची? कुठी जायचंच नाई, त सुट्टी घेऊ कायच्यातून?”

सुट्टीसाठी सव्वीस वर्षं भांडलेल्या या माणसाला आम्ही हार-नारळ देऊन कायमचं बिनसुट्टीचं करून टाकलं होतं, आणि ते त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मामी पलीकडच्या वाफ्यात होत्या. त्यांनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली.

“आज सुट्टी घ्या तुमी,” त्या म्हणाल्या.

मामाजींचा हात थांबला. “अर्दी का पुरी?”

“पुरी घ्या.”

मामाजी हळूहळू उभे राहिले. न मागता, बिनअर्जाची, पुरी सुट्टी त्यांच्या हिशेबाने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. त्यांनी हाताची माती झटकली आणि बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठून वाफ्याकडे आले, तर मामींनी दटावलं की सुट्टीच्या दिवशी कुणी कामाला हात लावतं का. ते मुकाट्याने परत जाऊन बसले. मीही त्यांच्याशेजारी बसलो. ते माझ्याकडे सरकले आणि अगदी हळू आवाजात, मामींना ऐकू जाणार नाही असं, मला विचारलं, “जवाईबापू, पुऱ्या दिवसाचं मानूस करते काय हो?”