नोएलने काढून घेतलेला बूट

नोएल फीनी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचं सामान सांभाळतो. जर्सी धुतो, बुटांच्या तुटलेल्या नाड्या बदलतो, चेंडूंत हवा भरतो. वय एकसष्ट. आधी दुधाचा टँकर चालवायचा. प्रशिक्षकाचं कसलंही प्रमाणपत्र त्याच्याकडे नाही, तरी बारा वर्षं या संघाचा प्रशिक्षकही तोच होता, कारण रोज संध्याकाळी पावसात उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आज त्याला ठेवायचं की काढायचं हे ठरवायला समिती बसली होती, आणि तिच्या पाच मतांपैकी एक माझं होतं.

किलनामारा हे आयर्लंडमधल्या स्लायगो शहरापासून अर्ध्या तासावरचं गाव. मी इथल्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. नवरा संकेत स्लायगोच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. मुलगा ओजस दुसऱ्या वर्षाला आहे आणि संघात अकरा नंबरची जर्सी घालतो. इथला फुटबॉल आयरिश पद्धतीचा. चेंडू हातानेही खेळतात, पायानेही, आणि खांद्याला खांदा भिडवून समोरच्याला हलवणं नियमात बसतं. मी प्रत्येक सामना पर्सचा पट्टा घट्ट धरून बघते.

मुलं बूट विसरतात म्हणून नोएल सगळ्यांचे बूट स्वतःकडे ठेवतो. सामन्याआधी मुलं नंबरानुसार रांगेत येतात. बूट हातात देताना तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "आज काय खाल्लंस?" फार वर्षांपूर्वी परीक्षेच्या धास्तीने दोन दिवस उपाशी असलेला एक मुलगा मैदानात कोसळला होता, तेव्हापासूनची ही सवय. पहिल्या वर्षी ओजसने लाजून "टोस्ट" सांगितलं होतं.

"खोटं बोलतोस," नोएल म्हणाला. "टोस्टला हळद कधीपासून लावतात? बोटं बघ तुझी."

तेव्हापासून ओजस खरं सांगतो, आणि सामन्याच्या दिवशी आमच्याकडे थालीपीठ असेल तर एक फॉइलमध्ये गुंडाळून नोएलला जातं.

गेल्या वर्षी एका श्रीमंत माजी विद्यार्थ्याने संघासाठी मोठी देणगी दिली. अट एकच, नावाजलेला पूर्णवेळ प्रशिक्षक नेमायचा. डर्मट हॅनली मुलाखतीला आला. प्राचार्यांपेक्षा जास्त पगार त्याने मागितला, तोही घासाघीस न करता, जणू दरपत्रक वाचतोय. पहाटे साडेपाचला सराव. मुलांचे फोन कुलपात. कोण खेळणार, कोण बसणार, यात कुणी बोलायचं नाही. मग खुर्चीत मागे रेलून त्याने विचारलं, "या खोलीत मला नाही म्हणणारं कोणी आहे का?"

मला तो फार आवडला. बारावीला आमच्या क्लासचे सर असेच होते. फी पुण्यात सगळ्यात जास्त, आवाज सगळ्यात मोठा, आणि दारात पालकांची रांग. ज्याचा दर चढा आणि जीभ कडक तो मास्तर चांगला, हे आमच्या घराघरात सिद्ध झालेलं होतं. त्या क्लासमधून मध्येच नाहीशी झालेली मुलं कुठे गेली, हा प्रश्न मला, आकड्यांवर पोट भरणाऱ्या बाईला, एकदाही पडला नाही.

मतं दोन विरुद्ध दोन अशी अडली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "मऊ माणसाच्या हातून निकाल लागत नाहीत." आणि हॅनलीच्या बाजूने हात वर केला.

तेव्हा नोएल माझ्या मागेच चहा ओतत होता. माझ्यासमोर कप ठेवत म्हणाला, "बरोबर बोललीस, वृंदा. मऊच आहे मी. साखर दोन ना?"

निकाल मात्र लागले. संघ जिंकत सुटला. ओजस पहाटे उठून जायचा, उलटी करून यायचा आणि ते अभिमानाने सांगायचा. मीही फोनवर आईला सांगायचे.

काल, बुधवारी, उपांत्य सामना होता. सामन्याआधी मी रांगेजवळच उभी होते. ओजस नोएलला म्हणाला, "थालीपीठ. दोन." विसाव्या मिनिटाला उंच आलेल्या चेंडूसाठी तो उडाला आणि कुणाचं तरी कोपर त्याच्या कानामागे बसलं. खाली पडला. उठला. अंगठा वर केला. हॅनली ओरडला, "उठला ना? मग खेळू दे!"

मध्यंतरात मी कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी गेले. आत जायची परवानगी नव्हती, पण दार उघडं होतं. नोएल ओजससमोर गुडघ्यावर बसून नाडी आवळत होता.

"आज काय खाल्लंस रे?"

"काही नाही अजून," ओजस म्हणाला. "मॉम करतेय."

नोएलचे हात थांबले. त्याने आवळलेली नाडी सोडली, डावा बूट काढला, आपल्या पिशवीत टाकला आणि पिशवीवर बसला.

"हे काय चाललंय?" हॅनली आला. "बूट दे त्याचा."

"नाही."

"माझा सगळ्यात चांगला फॉरवर्ड आहे तो."

"असेल. पण त्याला आजची दुपार आठवत नाही."

"तुला विचारलं कोणी? धोबी आहेस तू."

"म्हणून तर बूट माझ्याकडे असतात."

ओजस एका पायावर उभा राहून ओरडला, "आय'म ग्रँड, नोएल! काही झालेलं नाही मला! दे ना बूट!" हॅनलीने राखीव खेळाडूंकडे वळून सांगितलं, "कोणीतरी आपला बूट द्या याला." कुणी हललं नाही. कोपऱ्यातल्या एका मुलाने हळूच आपले पाय बाकाखाली ओढून घेतले.

आणि मी काय करत होते? हे लिहायला बरं वाटत नाही. माझ्या मनात पहिलं हे आलं, की सरांना चिडवू नका, पोराची संघातली जागा जाईल. मी दारात गप्प उभी राहिले. दुसरा अर्धा सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली तेव्हा कुठे आत शिरून ओजसचा हात धरला.

हॉस्पिटलात स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. मेंदूला हादरा बसला होता. तिथली डॉक्टर संकेतला म्हणाली, "आजच दुसरा मार बसला असता, तर मी तुमच्याशी इतकं निवांत बोलत नसते." ओजसशिवाय संघ एका गुणाने जिंकला, म्हणजे रविवारी अंतिम सामना. आणि रात्रीच हॅनलीची तक्रार आली, की नोएलला काढा.

आज बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "वृंदा, तू आई आहेस त्याची. बाहेर बसतेस का?"

"हॅनलींना नेमलं तेव्हाही मी त्याची आईच होते," मी म्हणाले. "तेव्हा कोणी बाहेर बसवलं नाही."

हॅनली उभाच होता. "एक तर तो, नाही तर मी. मला नाही म्हणणारं कोणी असणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं."

अध्यक्षांनी नोएलला विचारलं, "पुन्हा असंच करशील?" त्यांचा सूर सांगत होता, नाही म्हण आणि मोकळा हो.

नोएलने जरा विचार केला. "करेन. पण पिशवी घेऊन बाहेर जाऊन बसेन. काल मला दुसरा हाफ बघायलाच मिळाला नाही."

मतं पुन्हा दोन विरुद्ध दोन. घरी ओजस अंतिम सामन्याची स्वप्नं बघत बसला होता, आणि त्याच्या मित्रांचं सगळं वर्ष माझ्या या एका हाताला टांगलेलं होतं. "मागच्या वेळी मी चुकीचं मत दिलं," मी म्हणाले आणि नोएलसाठी हात वर केला.

हॅनलीने कागद गोळा केले. "मग रविवारी तुमच्या धोब्यालाच उभं करा मैदानात," म्हणाला, आणि गेला.

पार्किंगमध्ये मी नोएलला गाठलं. "मी तुला मऊ म्हणाले होते..."

"माझी बायको ब्रेडाही म्हणते. चाळीस वर्षं झाली लग्नाला." त्याने गाडीचं दार उघडलं. डावा बूट पुढच्या सीटवर होता. चिखल काढून पॉलिश केलेला. मी हात पुढे केला, तर त्याने मान हलवली. "डॉक्टरचं पत्र आण, बूट घेऊन जा. आईला देत नाही मी. आया लगेच विरघळतात."

घरी आले तर ओजसला मित्रांकडून सगळं कळलेलं होतं. "यू रेक्ड इट, मॉम, वाट लावलीस सगळ्याची," एवढंच म्हणाला. जेवला आणि खोलीचं दार आपटून लावून घेतलं. संकेत ड्यूटीवर आहे. रविवारी मैदानाच्या कडेला बहुधा नोएल उभा असेल, आणि संघ बहुधा हरेल. मग माझ्याशी कोण किती दिवस बोलणार नाही, हे मी मोजत नाही.

डॉक्टरांनी आजची रात्रही त्याला अधूनमधून उठवून बघायला सांगितलंय. हे लिहिता लिहिता आत्ताच उठून गेले. दार ढकललं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"ओजस, आज काय खाल्लंस?"

उत्तर आलं नाही. मी दाराची कडी धरून उभी राहिले. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"थालीपीठ," उशीतून आवाज आला. "दीड. अर्धं तू खाल्लंस. अँड आय'म नॉट टॉकिंग टू यू."

अर्धं मीच खाल्लं होतं.