काकडीची जागा

जोगदंड सर जेवायला बसले की आधी काकडी काढत. टोक कापून चाखत, कडू नाही याची खात्री करत आणि मगच बाकीचा डबा उघडत. त्या डब्यात भाकरी कधीच नसे. धारूरच्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते, मी मराठीची. मी रुजू झाले त्या दुपारी माझ्या ज्वारीच्या भाकरीकडे बघून ते म्हणाले, "म्याडम, राग मानू नका, पण हे शेती आल्यावर आलेलं खाणं हाय. माणूस त्याच्या लई आधीचा."

त्यांच्या वडिलांचा पाय साखरेच्या आजारात कापावा लागला होता. पुढे ते खाटेवरच गेले. चाळिशीत सरांची स्वतःची साखर वाढलेली निघाली, तेव्हा ते हादरले आणि मोबाइलवर बघून त्यांनी आदिमानवाचा आहार धरला. मटण, अंडी, मासे, पालेभाज्या, खोबरं. धान्य, डाळ, गूळ, सगळं बंद. गुणही आला. पोट उतरलं, साखर आटोक्यात आली. "आपले पूर्वज या बालाघाटाच्या डोंगरात हिंडायचे, तवा पिठाची गिरणी व्हती का हितं?" असं ते विचारत आणि सगळी स्टाफरूम हसत असे.

मग उणे कॅलरीचं खूळ आलं. काकडी, मुळा, कोबी पचवायला शरीराची जेवढी ताकद जाते, तेवढी त्यातून मिळतच नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. "म्हंजे बघा, खाता खाता माणूस वाळतो!" हळूहळू डब्यातलं मटण गेलं, अंडी गेली. राहिला तो किसलेला मुळा, कोबी आणि काकड्या. सरांची पँट पट्ट्याखाली चुण्या पडून लोंबू लागली.

मुख्याध्यापक त्यांचे लहानपणचे मित्र. एक दिवस न राहवून म्हणाले, "अबे, दिवसभर हिंडून ज्याला पोटभर मिळत नव्हतं, तो आदिमानव अंगातली ताकद घालवणारं खाणं शोधीत बसंल का? हातातलं हरीण सोडून काकडीमागं पळंल?"

सर शांतपणे म्हणाले, "त्याचा बाप साखरेनं गेला नव्हता बे."



त्या हिवाळ्यात मुलांना किल्ल्यावर नेलं होतं. चढणीवर सर मटकन खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी समजावलं, की काकडी चांगलीच, पण ती खाऊन अंगातलं वजा होतं हे काही खरं नाही. तुम्ही वाळताय ते नुसते उपाशी राहून. सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा मुळाच.

त्यांना थांबवलं ते त्यांच्या पत्नीने, सुनंदावहिनींनी. हे मला सरांनीच सांगितलं. "ती मला एका शब्दानं बोलली न्हाई. फकस्त माझ्यासारखं खायला लागली. मी म्हणलं, तू कावून असं खाती? तुला काय साखर हाय? तर म्हणली, तुमी यानं जगणार असताल तर मीबी जगते की. भांडलो, ऐकंना. परवा कपडे वाळू घालताना डोळे मिटून तारेलाच धरून उभी राहिली. इतके दिस मला डोळे मिटले की बाप दिसायचा, म्याडम. त्या दिवशी पहिल्यांदा ती दिसली."

त्याच संध्याकाळी सरांनी मटण आणलं, स्वतः शिजवलं आणि दोघं समोरासमोर बसून जेवली.

"मग आता काकडी बंद?" मी विचारलं.

"बंद कावून? उन्हातनं आलेल्या आदिमानवालाबी ती गोडच लागली असंल. पण तिनं मटणाच्या शेजारी बसावं, त्याच्या जागेवर न्हाई."

निवृत्तीनंतर ते पालीला राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. आठवण येते ती त्याआधीच्या एका दुपारची. माझ्या वडिलांना साखर निघाली होती आणि धसक्याने त्यांनी जेवणच टाकलं होतं. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलेलंही ते ताटात ठेवून उठायचे. मी सरांना फोन केला, तर ते बसने आले. वडिलांनी लगेच विचारलं, "सर, काय काय बंद करू?"

मला वाटलं, आता मोठी यादी निघणार. सर त्यांच्या खाटेवर टेकले.

"ते डॉक्टरला इचारू. आधी मला सांगा, काका, भूक लागती का?"

आजार निघाल्यापासून हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही. वडील लहान मुलासारखे म्हणाले, "लई लागती."

"म्याडम, दोन ताटं वाढा," सर म्हणाले. "मीबी उपाशीच आलोय."

त्या दिवशी वडील पोटभर जेवले. त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत सर हात न धुता बसून राहिले.