होडीचं टेस्टिंग

फायबरच्या कामातले किस्से रेझिनसारखे हाताला चिकटतात, साबणानं जात नाहीत. लातूरला किशन मिस्त्रींच्या हाताखाली मी कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या बनवायचो. तेव्हाचे काही अजून निघालेले नाहीत.

*

जिल्हा नवा झाला होता. नव्या जिल्ह्याला काय काय हवं, त्या यादीत कुणीतरी तलावासाठी शिडाची होडी टाकली. ती येईपर्यंत दुष्काळ पडला आणि तलावात पोरं क्रिकेट खेळायला लागली! त्यात औशाजवळ होडी ट्रकवरून पडली, पोटाला वीतभर तडा गेला. फायबरवाले आम्हीच, म्हणून ती आमच्या दारात आली. काम नीट झालं तर दवाखान्याच्या टाक्याही तुम्हालाच, असं कलेक्टर कचेरीतले साहेब म्हणाले.

*

साहेबांचं म्हणणं, तड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरा आणि वरून रंग द्या. मिस्त्रींनी नाण्यानं होडीचं पोट ठोकत नेलं. जिथं आवाज बद्द आला, तिथं आतले थर सुटलेले. तेवढं सगळं त्यांनी कापून काढलं. साहेब परत आले तर तड्याच्या जागी माणूस आरपार जाईल एवढं भोक!

"आतून मोडलेल्याला वरून रंग देणं मला जमत न्हाई," मिस्त्री म्हणाले.

साहेब चहा न घेताच गेले.

*

मे महिन्यात हार्डनर घातलं की रेझिन मगातच दगड व्हायचं. एकदा ब्रश आत उभाच राहिला. मग मिस्त्रींनी रेझिनचा डबा आमच्या पिण्याच्या रांजणात ठेवला. आम्ही आठवडाभर बादलीतलं गरम पाणी प्यायलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

*

काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर बसले, पण होडी तपासायला पाणी कुठं होतं? मिस्त्री म्हणाले, बाहेर नाही तर आत भरू. मोठ्या मिनतवारीनंतर साहेबांनी टँकर दिला. आम्ही होडी भरली, पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि घरी गेलो. सकाळी पाणी चार बोटं खाली!

होडी बाहेरून कोरडी होती, तरी मिस्त्रींचा चेहरा उतरला. अहमदपूरपासून नायगावपर्यंत त्यांची एकही टाकी गळली नव्हती, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. जोड पुन्हा कापायला त्यांनी ग्राइंडर उचललं, तेवढ्यात शेजारच्या सखूबाई आल्या.

"कापू नका, दादा. पाणी म्या नेलं. गल्लीत समद्यांनीच नेलं. वास मारतंय, पन भांड्याला चालतंय."

मिस्त्रींनी ग्राइंडर खाली ठेवलं. मला इतकं हायसं वाटलं की साहेबांना कधी सांगतो असं झालं. दुपारी ते आले. होडी पास का, म्हणून त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री पुढे झाले.

"गळून राहिलीय, साहेब. परवा अजून एक टँकर धाडा."