वायरी काढायच्या होत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दाजींना नाही, आणि जिला सांगायला पाहिजे तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलता येईल असं वाटतंय. बघतो — जमलं तर.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला सांभाळायला आक्कानं चौथीतच शाळा सोडली. पुढं तिचं सासर बोरीला, माझं खताचं दुकान गंगाखेडला. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळं दवाखाना म्हटलं की सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. कापूस वेचताना आक्का चक्कर येऊन पडली, ठोके फार हळू पडतात असं निघालं, तेव्हा पेसमेकर मीच बसवून आणला. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक चपटी डबी, आणि तिच्यातून शिरेवाटे हृदयात उतरलेल्या दोन वायरी. पदर बाजूला करून आक्का बायकांना दाखवायची, "हे बघा, माझ्या भावानं मला घड्याळ बसवलंय."

कैक वर्षं ते बिनबोभाट चाललं. मग बॅटरी संपत आली म्हणून डबी बदलली, आणि काही महिन्यांनी तिथली कातडी लाल व्हायला लागली. नंतर बारीक छिद्र पडलं. त्यातून पू.

मी तिला संभाजीनगरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला पट्टी करायला आत पाठवलं आणि मला समोर बसवलं. पू डबीपुरता राहिलेला नाही, म्हणाले, तो वायरींपर्यंत गेलाय. नुसत्या गोळ्यांनी बरा होणार नाही. डबी आणि दोन्ही वायरी काढाव्या लागतील. त्या इतक्या वर्षांत शिरेला, हृदयाला आतून चिकटलेल्या असतात, ओढून निघत नाहीत. वायरीवरून बारीक नळी सरकवत सरकवत एकेक जागा सोडवत जायचं. "आम्ही हे नेहमी करतो. हृदयाचे सर्जन शेजारी तयार असतात, कारण क्वचित शीर किंवा हृदयाची भिंत फाटू शकते. पण त्या तशाच ठेवणं त्याहून धोक्याचं आहे. उशीर करू नका."

मराठीत सांगितलं. शांतपणे सांगितलं. मला न कळण्यासारखं त्यात काय होतं? पण मी एकच शब्द धरून बसलो — फाटू शकते. आणि सांगायला लाज वाटते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आक्का आलीच नाही. दाजी आले, भाचे आले. मामानं नेली आणि मारून आणली, असं म्हणणारे. सही तर मीच करणार होतो ना?

बाहेर आलो. आक्का बाकड्यावर बसली होती.

"काय म्हनले रे डॉक्टर?"

"काही न्हाई आक्का. पट्टी करत राहायची, गोळ्या खायच्या. वाळंल."

"ऑपरेशन न्हाई ना?"

"न्हाई."

"लय बरं झालं बाबा. सोयाबीन काढायला आलंय."

एसटीत जिंतूर येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

तुम्ही म्हणाल, माणूस घाबरतो. पहिल्या दिवशी घाबरला असेल. मग दुसऱ्या दिवशी? पुढच्या आठवड्यात? फोन तर माझ्या खिशातच होता. तिचाच फोन यायचा — "वाळतंय म्हनेपरयंत परत पू यायलाय रे." मी मेडिकलमधून नवा मलम घेऊन पाठवायचो. पुढं तिला थंडी वाजून ताप यायला लागला. गावातल्या डॉक्टरनं टायफॉइडचं औषध सुरू केलं. त्यालाही मी वायरींचं काही बोललो नाही. बायकोनं एकदा विचारलं, "पुन्हा दाखवायचं का?" तर तिच्यावरच खेकसलो. जितके दिवस जात होते तितकं तोंड उघडणं अवघड होत होतं — आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हे आलंच.

मग एक दिवस भाच्याचा फोन आला. आई नीट ओळखत नाही म्हणाला.

अँब्युलन्स, तोच दवाखाना, तेच डॉक्टर. त्यांनी आक्काला तपासलं, मग माझ्याकडं वळले. "तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना? इतके महिने का थांबलात?"

शेजारी दाजी उभे. भाचा उभा. आक्का स्ट्रेचरवर, डोळे मिटलेले.

इथपर्यंत जे सांगितलं, ते एक खोटं होतं. तेवढंच असतं तर एव्हाना मी ते कुणालातरी सांगून मोकळा झालो असतो. जे सांगता येत नाही ते पुढं आहे. मी — मी म्हणालो,

"मी लय सांगितलं साहेब. हीच यायला तयार नव्हती. ऑपरेशनला भ्यायली."

आक्कानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. आता ही बोलणार, असं वाटलं. तिनं सलाईन लावलेला हात कसाबसा उचलला, डॉक्टरांपुढं हात जोडले.

"माझंच चुकलं साहेब. भावाला बोलू नका."

तापात तिला खरंच तसं वाटलं असेल का? की सगळं कळून तिनं मला झाकलं? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

ऑपरेशन झालं. आम्ही बाहेर बसलो होतो. दाजी मला म्हणाले, "तुमी तरी काय करणार, बाई हट्टी हाय." मी मान हलवली. दोन्ही वायरी निघाल्या. काहीही फाटलं नाही. ज्याला भिऊन मी एवढं सगळं केलं, ते झालंच नाही. पू आटोक्यात आल्यावर उजव्या बाजूला नवा पेसमेकर बसवला. पण मधल्या महिन्यांत पू आत हृदयाच्या झडपेवर गेला होता, झडप खराब झाली होती. वेळेवर आला असतात तर झडप वाचली असती, असं डॉक्टर दाजींसमोरच म्हणाले.

आता आक्काचे पाय सुजतात. दारातून आडापर्यंत जायचं तर मध्ये बसावं लागतं. शेत तर सुटलंच. कधी दाजी चिडले की म्हणतात, "ऐकलं असतंस तर ही येळ आली असती का?" ती सुजलेले पाय चोळत बसते.

मागच्या महिन्यात बोरीला गेलो होतो. शेजारचे एक म्हातारबुवा आले होते. त्यांनाही पेसमेकर आहे, आणि तिथं कातडी लाल झाली आहे. मुलगा दवाखान्यात चला म्हणतोय, ते कापूस घरात येईपर्यंत थांबू म्हणत होते. आक्कानं त्यांना समोर बसवलं. मधून मधून दम खात, सगळं नीट समजावून सांगितलं.

"माझ्यावानी करू नका बाबा. ह्यो माझा भाऊ किती सांगायलता, मीच ऐकलं न्हाई. उद्याच्या उद्या जावा."

म्हातारबुवांनी माझ्याकडं बघितलं, मान डोलावली. भाऊ असावा तर असा, म्हणाले.

आक्काच्या सुनेनं चहा आणून दिला. मी तो घेतला, आणि प्यालो.