टोपलीतली मोकळी जागा

"मासळी दर्याची, टोपली माजी," असं म्हणायचं आणि मगच एंटर दाबायचा, ही आमच्या एका मित्राची पद्धत. तुमच्यापैकी कुणी पालघरला त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलं असेल, तर हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याची सुटका झाली नसणार.

तो सातपाटीचा, मच्छीमारांच्या घरातला. मी तिथल्याच एका मासळी सोसायटीत कारकून. कोणत्या बोटीनं कोणती मासळी आणली आणि ती कुणी घेतली, हे सगळं सांभाळणारा डेटाबेसचा प्रोग्राम त्यानं एकट्यानं लिहिला आणि किनाऱ्यावरच्या सोसायट्यांना विकला. विकला म्हणजे काय, गिऱ्हाईक समोर आलं की हा आधी प्रोग्राममधल्या चुका सांगायचा. असा विक्रेता मी दुसरा पाहिला नाही.

त्यातली मासळीची यादीसुद्धा अकारविल्हे नव्हती. आधी बोंबील, मग मांदेली, कोळंबी, आणि सुरमई-पापलेट शेवटी. लवकर नरम पडेल ते आधी. त्याची आई बाजारात टोपली अशीच लावायची. मधेच मात्र एक ओळ रिकामी. ना नाव, ना भाव. मी कितीदा म्हटलं, "अरे, ती ओळ काढ की. डोळ्यांना खुपते."

"ऱ्हाऊ दे," एवढंच उत्तर.

त्यानं प्रोग्रामचा कॉपीराइट रीतसर नोंदवला, तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली. बोंबलाच्या नावावर कसला आलाय हक्क? तो शांतपणे म्हणाला, "नावावर नायच. पण प्रोग्राम मी लिवलाय, मांडणी मी केलीय. ती माजी."

मग एक दिवस बोईसरचा एक तरुण विक्रेता लॅपटॉप घेऊन आमच्या सोसायटीत आला. प्रोग्राम अर्ध्या किमतीत. रंग नवे, बाकी सगळं ओळखीचं. शेजारच्या सोसायट्या त्याच्याकडे वळल्याच होत्या. आमचीही गेली असती, तर आमच्या मित्राला दुकानाला कुलूप लावावं लागलं असतं. मला राहवेना. मी फोन करून त्याला बोलावून घेतलं. तो येऊन गुपचूप कोपऱ्यात बसला.

"मासळीची नावं काय कुणाच्या मालकीची असतात?" विक्रेता हसत म्हणाला. आमचे चेअरमन मान डोलवायला लागले. तेवढ्यात मला पडद्यावर ती रिकामी ओळ दिसली.

"ही मोकळी ओळ कशाला ठेवलीत?" मी विचारलं.

"नवीन मासा आला तर लिहायला."

"मग ती शेवटी हवी. मधे कशी?"

विक्रेता यादी उगाच वर-खाली सरकवू लागला. चेअरमन कोपऱ्याकडे वळले. "तुजी पन मधीच हाय. ती कशाला रे?"

त्यानं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. "आमच्या शेजारची काकी. तिचा नवरा दर्यात गेला तो आलाच नाय. आई टोपलीत तिच्यासाठी जागा ठेवायची, मधे, वंजळभर. तिथली मासळी इकायची नाय. मग तिला नाव कशाला न् भाव कशाला?"

विक्रेत्यानं लॅपटॉप मिटला.

पुढे वकिलाची नोटीस गेली, नोंदणी पाहून त्या पोरानं नक्कल विकणं थांबवलं. इथवर ठीक. पण आमच्या महाशयांनी त्यालाच चहाला बोलावलं. "तुला इकता येतं, मला नाय. आता माजाच इक." मी कपाळावर हात मारला. पण जोडी जमली, आणि प्रोग्राम पार डहाणूपर्यंत पोहोचला.

मागच्या वर्षी आमचा मित्र अचानक गेला. दुकानावरून जाताना अजून माझी मान तिकडे वळते आणि मन खट्टू होतं. प्रोग्रामचे हक्क आता त्याच्या बायकोकडे आहेत, दुरुस्तीला बोईसरचा तोच विक्रेता येतो. परवा आमच्याकडे नव्यानं लागलेल्या बाईंनी त्याला विचारलं, "सर, ही मधली ओळ रिकामीच आहे, काढून टाकायची का?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे."